हौशी छायाचित्रकारांची देवाणघेवाण : नागपूर-विदर्भाच्या निमित्ताने

फोटो काढण्यावर ज्याचे पोट अवलंबून नाही तो हौशी छायाचित्रकार. नागपुरात तो बँकेत, शाळेत, दवाखान्यात, वेकोलि या कोळसा कंपनीत किंवा एखाद्या सरकारी कचेरीत नोकरीला असतो आणि सुटीच्या दिवशी पेंच, ताडोबा, उमरेड-कऱ्हांडल्यात, नाहीतर महाल-इतवारीच्या गल्ल्यांत कॅमेरा गळ्यात अडकवून फिरतो. धंदा करणाऱ्याची कृती हे त्याचे भांडवल असते, त्यामुळे ती तो सहसा उघड करत नाही. हौशी माणसाला लपवण्यासारखे फारसे काही नसते. चांगला फोटो मिळाला की तो दाखवल्याशिवाय आणि कसा मिळाला हे सांगितल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. या देवाणघेवाणीत तीन गोष्टी हातोहात फिरतात : फोटो, तो काढण्याची कृती आणि जिथे तो काढला ती जागा. पहिल्या दोन जितक्या मोकळेपणाने वाटाव्या तितके चांगले. तिसरीच्या बाबतीत मात्र, विशेषतः विदर्भासारख्या जंगलाच्या प्रदेशात, हात आखडता घ्यावा लागतो.

कृती वाटून घेण्याची रीत छायाचित्रणाच्या जन्मापासूनची आहे. १९ ऑगस्ट हा जागतिक छायाचित्रण दिन म्हणून पाळला जातो, पण त्या दिवशी पहिला फोटो निघाला नव्हता. १८३९ साली त्या तारखेला पॅरिसमध्ये दागेर या फ्रेंच संशोधकाची पद्धत जाहीरपणे समजावून सांगण्यात आली. फ्रेंच सरकारने दागेरला निवृत्तिवेतन देऊन ती पद्धत विकत घेतली आणि लोकांसाठी खुली केली. इंग्लंडात टॅलबटने आपल्या कॅलोटाइपचे, म्हणजे कागदी निगेटिव्हच्या पद्धतीचे, १८४१ मध्ये पेटंट घेतले, आणि त्यामुळे तिथे ती पद्धत हौशी लोकांच्या हाती सहज आली नाही. फ्रेडरिक स्कॉट आर्चरने १८५१ मध्ये ओल्या कोलोडियनच्या काचेवर फोटो घेण्याची कृती एका नियतकालिकात छापून टाकली. पेटंट घेतलेच नाही. तो स्वतः १८५७ मध्ये गरिबीत वारला, पण पुढची तीसेक वर्षे जगभरातले छायाचित्रण मुख्यतः त्याच कृतीवर चालले. हौशी मंडळींच्या आजच्या मोकळेपणाचे ऋण कोणाचे मानायचे झाले, तर ते आर्चरचे.

भारतातली पहिली संस्था मुंबईची. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली. कलकत्ता आणि मद्रास येथील संस्था त्यानंतर दोन वर्षांनी आल्या. मुंबईच्या सोसायटीत इंग्रज अधिकाऱ्यांच्या बरोबरीने डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे सभासद होते. नारायण दाजी ग्रँट मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झालेले. वैद्यकी सांभाळून त्यांनी छायाचित्रणात नाव मिळवले, ते प्रदर्शनांतून फोटो मांडत आणि सोसायटीच्या कार्यकारी मंडळावरही होते. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला, त्यात शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामणांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला. सभासदांनी फोटो आणायचे, ते सर्वांनी पाहायचे, कृतीवर निबंध वाचायचे आणि ते सोसायटीच्या नियतकालिकात छापायचे, असा तो क्रम होता. आजच्या कोणत्याही क्लबाचे काम याहून फार वेगळे नाही.

त्याच १८५४ साली भोसल्यांचे नागपूर राज्य इंग्रजांनी खालसा केले. मुंबईहून रेल्वे नागपूरला पोचायला १८६७ उजाडले. तोवर काचा, रसायने आणि तंबूवजा अंधारखोली बैलगाडीतून आणावी लागे. ओल्या कोलोडियनची काच सुकायच्या आत तिच्यावर फोटो घेऊन ती धुवावी लागे. वऱ्हाड-नागपूरच्या उन्हाळ्यात त्यासाठी मिळणारी मोजकी मिनिटे आणखी कमी होत. या प्रदेशातली सुरुवातीची छायाचित्रे मुख्यतः अधिकाऱ्यांनी आणि अभ्यासकांनी काढली, याचे हे एक साधे कारण आहे. पुढे नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात आणि त्याच्या लगतच्या मुलखात मानववंशशास्त्रज्ञ व्हेरिअर एल्विन यांनी बैगा आणि मुरिया समाजांत राहून स्वतः कॅमेरा चालवला. त्यांची ‘द बैगा’ (१९३९) आणि ‘द मुरिया अँड देअर घोटुल’ (१९४७) ही पुस्तके छायाचित्रांशिवाय अपुरी वाटतील.

संघटित हौशी छायाचित्रणाला देशभराचा आकार आला तो विसाव्या शतकाच्या मध्यावर. मुंबईत १९३०च्या दशकात नव्या संस्था निघाल्या, १९५३ मध्ये फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी स्थापन झाली आणि १९५० मध्ये युरोपात सुरू झालेल्या फियाप या आंतरराष्ट्रीय महासंघाशी ती जोडली गेली. यातून सलॉनची पद्धत रुजली. सलॉन म्हणजे परीक्षकांनी निवडलेल्या फोटोंचे प्रदर्शन. किती देशांतल्या किती सलॉनमध्ये फोटो स्वीकारले गेले यावर एएफआयएपी, ईएफआयएपी असे किताब मिळतात. ठाण्याच्या फोटो सर्कल सोसायटीसारख्या संस्थांनी महाराष्ट्रात ही चळवळ मराठी बोलणाऱ्या हौशी माणसापर्यंत आणली. सलॉनने शिस्त शिकवली, पण परीक्षकांना काय आवडते याचा अंदाज बांधून फोटो काढायची सवयही लावली. धुक्यातला एकटा नावाडी, किरणांच्या झोतात बसलेला म्हातारा, पदराआडून पाहणारी मुलगी अशी साचेबंद चित्रे वर्षानुवर्षे स्वीकारली गेली. किताबांच्या मागे लागलेल्या माणसाला आपल्या गावाचे असे काही दिसेनासे होते. सलॉनची ही सर्वांत मोठी उणीव.

फिल्मच्या काळात नागपूरच्या मध्यमवर्गीय घरात पहिला कॅमेरा बहुधा बडोद्यात बनणारा आग्फा क्लिक थ्री असे. १२० च्या रोलवर बारा चौकोनी फोटो आणि ऊन की ढगाळ एवढीच निवड. उटकमंडच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोल परवडणारा. एकेक फोटो मोजून काढावा लागे, म्हणून लख्ख उन्हात ॲपर्चर एफ/१६ आणि शटर फिल्मच्या वेगाच्या जवळपास, हा नियम तोंडपाठ असे. रोल धुण्याचे ज्ञान मात्र पुस्तकातले चालत नसे. कृष्णधवल फिल्म धुण्याचे डेव्हलपर २० अंश सेल्सिअसला वापरावे असे डब्यावर छापलेले, आणि मे महिन्यात नागपुरात नळाचे पाणीच त्याच्या कितीतरी वर. पाणी गरम असले की डेव्हलपर झपाट्याने काम करते, काळोखी वाढते. फारच गरम झाले तर फिल्मवरचा जिलेटिनचा थर मऊ पडून त्यावर सुरकुत्यांची जाळी उमटते. उपाय घरगुती : बाटल्या बर्फाच्या पाण्यात ठेवायच्या, काम रात्री उशिरा किंवा पहाटे करायचे, आणि नुसते डेव्हलपर थंड करून न थांबता हायपो आणि धुण्याचे पाणीही त्याच तापमानाला आणायचे. ही शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची, कारण फिल्मला खरा अपाय होतो तो थंडातून एकदम गरमात गेल्याने. असे ज्ञान एकाकडून दुसऱ्याकडे जाई ते तोंडी, फोटो लॅबच्या काउंटरवर किंवा कोणाच्या न्हाणीघरात उभारलेल्या अंधारखोलीत.

डिजिटल कॅमेऱ्याने खर्चाचा धाक संपवला आणि मोबाइलने कॅमेरा घराघरांत नेला. कृती सांगणेही सोपे झाले, कारण शटर, ॲपर्चर, आयएसओ, लेन्सचे मिलिमीटर आणि वेळ हे सारे फाइलमध्येच नोंदले जाते. परिणामी फोटोखाली आकडे लिहिण्याची प्रथा पडली आणि आकडे म्हणजेच कृती असा समज झाला. तो चुकीचा आहे. एकाच आकड्यांवर रामटेकच्या गडावर मे महिन्यात आणि कोकणात आषाढात काढलेले दोन फोटो सारखे येणार नाहीत. शिकणाऱ्याला हवे असते ते आकड्यांमागचे कारण : हाच शटर का, उजेड कोणत्या बाजूने होता, उभे राहायला हीच जागा का निवडली, आधीचे फोटो कशाने फसले. हे कोणतीही फाइल नोंदवत नाही, ते सांगणाऱ्यालाच सांगावे लागते.

नागपूरच्या उजेडाचेच उदाहरण घ्यावे. शहर साधारण २१ अंश अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. त्यामुळे वर्षातून दोनदा, २६ मेच्या आसपास आणि जुलैच्या तिसऱ्या आठवड्याच्या तोंडाशी, सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाशी नाहीशी होते. मेमधली ही वेळ दुपारी बारा वाजून दहा मिनिटांच्या जवळपासची. त्या उजेडात माणसाच्या डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात आणि कपाळ-नाक पांढरे फटफटीत दिसते. एप्रिल ते जूनमध्ये सकाळी आठनंतर आणि दुपारी चारच्या आत चेहऱ्यांचे फोटो उघड्यावर काढू नयेत, असे इथले अनुभवी लोक सांगतात ते यासाठी. मात्र हाच उभा उजेड जाळ्या, कौलांच्या कडा, पायऱ्या यांना उठाव देतो, आणि ओसरीत किंवा मांडवाखाली उभ्या माणसावर अंगणातून परतणारा उजेड तर फारच देखणा असतो. आपल्या गावाच्या उन्हाचे असे बारकावे परदेशी पुस्तकांत सापडत नाहीत. ते गावातल्या गावातच एकमेकांना सांगावे लागतात.

जंगलात हा हिशेब पुन्हा बदलतो. ताडोबा १९५५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प १९९५ मध्ये आणि महाराष्ट्रातला पेंच प्रकल्प १९९९ मध्ये झाला. उन्हाळ्यात सागाची पाने झडलेली, गवत वाळलेले आणि पाणवठे मोजके, म्हणून वाघ दिसण्याची शक्यता याच काळात जास्त. नेमकी याच काळात तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरत असते. चारशे-सहाशे मिलिमीटरच्या लेन्सने दूर पाणवठ्यावरचा वाघ टिपला की फोटो मऊ येतो आणि दोष महागड्या लेन्सच्या माथी मारला जातो. झळांवर कोणतीही लेन्स मात करू शकत नाही. सकाळची पहिली फेरी आणि कमी अंतर, हेच दोन इलाज. जिप्सीच्या दांडीवर तिवईपेक्षा तांदळाने किंवा वाळूने भरलेली पिशवी बरी, आणि इंजिन बंद केल्याशिवाय शटर दाबण्यात अर्थ नाही.

एक्स्पोजरचा एक फसवा प्रसंग इथे नेहमी येतो. कॅमेऱ्याचा मीटर समोरचे सर्व काही मध्यम करड्या रंगाचे आहे असे धरून चालतो. काळाभोर रानगवा फ्रेमभर असला तर त्याला तो करडा करून टाकतो; म्हणून एक्स्पोजर थोडे उणे करावे लागते. त्याच पाणवठ्यावर काळसर पाण्यापुढे एकटा पांढरा बगळा उभा असेल, तरीही एक्स्पोजर उणेच करावे लागते, पण कारण उलटे असते : मीटर सभोवतीच्या काळोखाकडे पाहून उजेड वाढवतो आणि बगळ्याच्या पिसांतला तपशील जळून जातो. बगळा फ्रेमभर असता तर एक्स्पोजर अधिक करावे लागले असते. ‘पांढऱ्याला अधिक, काळ्याला उणे’ हे सूत्र पाठ केलेल्याची फजिती होते. मीटर पाहतो तरी काय हे ज्याला कोणी समजावले आहे, तो कुठेही अडत नाही.

शहरातली मोठी शाळा म्हणजे मारबतीची मिरवणूक. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्हा पोळ्याला, काळी आणि पिवळी मारबत हे दोन पुतळे निघतात. सोबत त्या त्या वर्षाच्या दुखण्यांवर बोट ठेवणारे बडगे नावाचे पुतळे असतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून नागपूरने ही प्रथा सांभाळली आहे. इतवारीत दोन्ही मारबती समोरासमोर येतात तेव्हा गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. लांब लेन्स इथे निरुपयोगी. चोवीस-अठ्ठावीस मिलिमीटरची लेन्स घेऊन माणसांत शिरावे लागते किंवा आधीच ओळख काढून एखाद्या घराची गच्ची मिळवावी लागते. पिवळ्या मारबतीचा रंग ही आणखी एक अडचण. इतका भडक पिवळा उन्हात आला की लाल आणि हिरव्या रंगाची नोंद कमाल मर्यादेला टेकते, निळा तळाशी राहतो, आणि कॅमेऱ्याचा एकत्रित हिस्टोग्राम मात्र सारे ठीक असल्याचे दाखवतो. घरी आल्यावर मारबतीचा चेहरा सपाट पिवळा डाग होऊन समोर येतो. तिन्ही रंगांचे हिस्टोग्राम वेगवेगळे पाहणे आणि एक्स्पोजर पाऊण-एक स्टॉप कमी ठेवून रॉ फाइल घेणे, हा त्यावरचा उपाय. एकाने सांगितला तर पुढच्या वर्षी दहा जणांचे फोटो वाचतात, कारण मारबत पुन्हा वर्षानेच निघते.

रात्रीच्या आकाशाची भर अलीकडची. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातले पहिले डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. आकाशगंगेचा दाट भाग मार्चमध्ये पहाटे, तर मेच्या अखेरीस रात्री दहानंतर चांगला वर आलेला असतो. जूनच्या ढगांआधीच्या अमावास्या म्हणून मोलाच्या. पाचशेला लेन्सच्या मिलिमीटरने भागले की किती सेकंद शटर उघडे ठेवता येईल याचा ढोबळ अंदाज मिळतो : वीस मिलिमीटरला पंचवीस सेकंद. त्याहून जास्त ठेवले तर पृथ्वीच्या फिरण्यामुळे तारे लांबट येतात.

फोटो एकमेकांना दाखवण्याची जागा आता मुख्यतः मोबाइलचा पडदा आहे. पोच वाढली, पण टीका आटली. प्रिंट टेबलावर ठेवून चारजणांनी पाहिला की कोणी तरी म्हणे, डाव्या कोपऱ्यातली फांदी काप, किंवा क्षितिज कलले आहे. पडद्यावर अंगठा आणि हृदयाची खूण मिळते, आणि चुकीचा फोटोही तेवढ्याच कौतुकाने पुढे जातो. जिथे हौशी गटांनी महिन्यातून एकदा बसून मोजके प्रिंट लावून बोलण्याची प्रथा टिकवली आहे, तिथली प्रगती डोळ्यांत भरते. चांगल्या टीकेची पद्धतही ठरलेली असावी : आधी फोटोत काय दिसते ते सांगायचे, मग काय खटकते, शेवटी काय करता आले असते, आणि काढणाऱ्याने बाकीच्यांचे बोलून होईपर्यंत खुलासा करायचा नाही. जे फोटोत दिसत नाही ते तोंडाने सांगून भरून निघत नाही, हे या मौनातून लवकर कळते.

आता तिसरी गोष्ट, जागा. नागझिऱ्यात जन्मलेला ‘जय’ हा वाघ २०१३ मध्ये उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात आला आणि पर्यटकांनी काढलेल्या फोटोंमुळे देशभर माहीत झाला. एप्रिल २०१६ नंतर तो दिसला नाही. एका वाघाच्या फोटोंनी नव्या अभयारण्याकडे गर्दी कशी वळते हे त्याने दाखवून दिले. त्या गर्दीचे दुसरे टोक त्याच अभयारण्यात २०२४च्या अखेरीस दिसले : एक वाघीण आणि तिचे बछडे यांची वाट दोन्ही बाजूंनी जिप्सींनी अडवल्याची चित्रफीत पसरली, वनविभागाने चालक-गाइडांवर कारवाई केली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. वाघाला निदान अभयारण्याचे नियम तरी आहेत. घुबडाची ढोली, करकोच्याचे घरटे, शहराजवळच्या तलावावर हिवाळ्यात उतरलेली पट्टकादंब हंसांची रांग यांना कोणीच राखणदार नाही. आज टाकलेल्या ठिकाणावर उद्या पंधरा-वीस कॅमेरे पोचतात. घरट्यासमोरची फांदी छाटली की पिले उन्हाला आणि कावळ्यांना उघडी पडतात. संकटातल्या प्रजातींच्या नेमक्या जागा ई-बर्डसारख्या जागतिक नोंदीही लपवून ठेवतात. हौशी माणसाने तालुक्याच्या पलीकडे ठिकाण सांगू नये, घरट्याचे फोटो तर दाखवूच नयेत. याला कोणी अप्पलपोटेपणा म्हटले तरी चालेल.

फाइलमध्ये लपलेले अक्षांश-रेखांश हाही याच प्रश्नाचा भाग. मोबाइलचे स्थान चालू असले की ते फोटोत नोंदले जातात. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवल्यास ही माहिती गळून पडते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवल्यास तशीच पुढे जाते. चांगल्या प्रतीसाठी दुसरा मार्ग वापरणाऱ्यांनी आधी स्थान पुसावे.

माणसांच्या फोटोंना वेगळा संकोच हवा. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर येणारे लोक श्रद्धेने येतात. रांगेत शिणून बसलेल्या बाईच्या चेहऱ्यात छान ‘एक्स्प्रेशन’ मिळाले म्हणून तो फोटो स्पर्धेला पाठवणे तिच्यावर अन्याय करणारे आहे. गोंड, कोरकू, माडिया वस्त्यांत तर कॅमेऱ्याचा इतिहास जोखण्याचा आणि वर्गवारीचा आहे. विचारून फोटो काढणे आणि त्याची प्रत परत नेऊन देणे, एवढे केले तरी नाते बदलते.

कायदा थोडक्यात असा. फोटोचा स्वामित्वहक्क काढणाऱ्याचा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तो छायाचित्रकाराच्या हयातीत आणि पुढे ६० वर्षे राहतो. पैसे घेऊन कोणासाठी काढलेला फोटो मात्र, वेगळा करार नसेल तर, काढवून घेणाऱ्याचा होतो. हौशी माणूस अधूनमधून लग्नाचे काम घेतो तेव्हा हे त्याने ध्यानात ठेवावे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ च्या दुरुस्तीने छायाचित्रणासाठी अभयारण्यात प्रवेश देताना अधिवासात बदल न करण्याची आणि बाधा न पोचवण्याची अट शब्दांत घातली. सलॉनच्या निसर्ग विभागाचा नियमही त्याच वळणाचा : क्रॉप चालते, पण फोटोत नसलेले काही घालणे किंवा असलेले पुसणे चालत नाही.

राहिला जपणुकीचा प्रश्न. विदर्भाच्या पावसाळी दमटपणात निगेटिव्हना बुरशी लागते आणि उन्हाळ्यात त्या वाकतात. कोरड्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवलेल्या पन्नास वर्षांच्या निगेटिव्ह आजही प्रिंट देतात. हार्ड डिस्क मात्र न सांगता बंद पडते, म्हणून दोन प्रती दोन घरांत हव्यात. सर्वांत जास्त नुकसान होते ते नोंदीअभावी. फुटाळा, शुक्रवारी तलाव, सीताबर्डीचा बाजार, जुन्या वाड्यांच्या ओसऱ्या यांचे फोटो घरोघरी पडून आहेत, पण कोणत्या साली, कोणत्या बाजूने, कोणी काढले हे मागे लिहिलेले नाही. हौशी माणसाने फोटो देताना तारीख, ठिकाण, दिशा, चौकटीतल्या इमारतींची आणि परवानगी असल्यास माणसांची नावे लिहावीत. घरट्याचे किंवा ढोलीचे ठिकाण तेवढे आपल्या वहीत राहू द्यावे.